नसलेल्या प्रिंटरचा उन्हाळा

फाल्गुन सरत आला, की माझे हात चाळवतात. जेवता जेवता मी ताटाच्या कडेवर बोटं वाजवायला लागतो. बायको म्हणते, "अहो, पुन्हा सुरू झालं का?" मी हात मांडीखाली दाबून ठेवतो. थोडा वेळ गेला, की पुन्हा तेच.

यंदाही कडुनिंबानं पानं टाकली, दुपारचा वारा तोंडावर तव्यासारखा लागायला लागला, आणि तंत्रनिकेतनावरून रिक्षानं जाताना फाटकाशी उभी पोरं दिसली. पुस्तक डोळ्यांशी धरून ओठ हलवणारी, मधेच आकाशाकडे बघून काहीतरी आठवणारी. कळायच्या आत मी रिक्षाच्या दांडीवर ठोके देत होतो. रिक्षावाल्यानं वळून विचारलं, "काय पायजे काका? थांबू का?"

"नको, नको. चला तुम्ही."

त्याला काय सांगणार? की एका उन्हाळ्यात, याच फाटकाच्या आत, मी घड्याळ होतो म्हणून?

सत्तरच्या दशकाची ती शेवटची वर्षं. संगणक नावाची वस्तू आमच्या वर्गातल्या कुणीही डोळ्यांनी पाहिलेली नव्हती. पुस्तकात एक फोटो होता, त्यात कपाटांच्या रांगेपुढं टाय लावलेला एक माणूस उभा होता. आम्हाला बराच काळ त्या कपाटांत फाइली असतील असं वाटायचं. मी नव्या पेठेतल्या कापडदुकानदाराचा मुलगा. घरात कन्नड, गल्ल्यावर मराठी. अप्पा, म्हणजे माझे वडील, मला दिवसातून दहादा म्हणायचे, "सुम्न कूडो." गप्प बस जरा. मला ते कधी जमलं नाही. गादीवर बसवलं, की मी गज वाजवायचो. गज काढून घेतला, की कात्री.

काझी सर पुण्याच्या एका संशोधन संस्थेत संगणकावर काम करत होते. आईला अर्धांगाचा झटका आला, तेव्हा सगळं सोडून सोलापूरला परत आले आणि आमच्या तंत्रनिकेतनात शिकवायला लागले. उंच, किडकिडीत, बाहीला कायम खडू लागलेला. ते एका जागी उभे राहून शिकवत नसत. फळ्यापासून खिडकीपर्यंत, खिडकीपासून दारापर्यंत येरझाऱ्या. आईला कुशीवर वळवायची वेळ झाली, की सायकल काढून घरी जायचे. घर मागच्याच गल्लीत होतं. जाताना वाक्य अर्धं सोडून जायचे आणि परत आले, की पुढच्या शब्दापासून सुरू करायचे. "म्हणून दुसरा ट्रान्झिस्टर..." असं म्हणून गेलेला माणूस घाम पुसत दारातून आत यायचा आणि म्हणायचा, "...बंद होतो. लक्षात आलं?" आम्हाला हसू यायचं. पण वाक्य कुठं तुटलं होतं, हे त्यांच्या आधी कधी आम्हाला आठवलं नाही.

शेवटच्या सत्रात त्यांनी तिघांना निवडलं. मी, वेळापूरचा दत्ता आणि अरुणा. दत्ताच्या घरी ऊस होता, आणि इंजिन, पंप, मोटार यांपैकी काहीही खोलून पुन्हा जोडल्याशिवाय त्याला चैन पडायचं नाही. अरुणा साखर पेठेतल्या विणकर घरातली. तिचे वडील नरसय्या, घरात विजेवर चालणारे चार माग, टॉवेल विणायचे. सगळं घर तेलुगू बोलायचं. वर्गात ती एकटी मुलगी. पुढच्या बाकावर बसायची, आणि आमच्यापैकी कुणी तिच्याशी तीन वर्षांत "वही द्या" यापलीकडं बोललेलं नव्हतं.

सर म्हणाले, "पुण्याला माझ्या जुन्या संस्थेत एक अडचण आहे. संगणकावर दोन प्रोग्राम एकाच वेळी चालतात, पण प्रिंटर एक. दोघं एकदम छापायला लागले, की याच्या ओळी त्याच्या ओळींत मिसळतात. तेव्हा प्रत्येकाला एक नसलेला प्रिंटर द्यायचा. प्रोग्रामला वाटलं पाहिजे, प्रिंटर माझ्याच पुढ्यात आहे. खरं तर त्याच्या ओळी डिस्कवर जाऊन पडतील, आणि खरा प्रिंटर मोकळा झाला, की एकेकाच्या छापल्या जातील. त्या नसलेल्या प्रिंटरचा ड्रायव्हर, म्हणजे त्याला चालवणाऱ्या सूचना, आपण लिहायच्या."

दत्तानं हात वर केला. "सर, नसलेल्या गाडीला ड्रायव्हर कशाला?"

सर हसले नाहीत. "गाडी नसली, की ड्रायव्हरला जास्त सांभाळावं लागतं. आणि हा ड्रायव्हर बसतो संगणकाच्या अगदी गाभ्यात. बाहेरच्या प्रोग्रामनं चूक केली, तर तो एकटा पडतो. गाभ्यातल्यानं चूक केली, तर सगळं घर बसतं."

संस्थेतल्या जुन्या सहकाऱ्यानं सरांना शब्द दिला होता. तुमच्या मुलांनी लिहून आणलं, तर एक दुपार मशीन देतो. एकच. चाललं तर आम्ही ते वापरू. विभागप्रमुखांना हे मुळीच पसंत नव्हतं. परीक्षा तोंडावर, मुलांना कसले खेळ लावलेत, असं ते सरांना सर्वांदेखत म्हणाले होते. नापास झाली तर जबाबदारी तुमची.

संगणक नव्हता, म्हणून आम्ही संगणक झालो.

मागच्या बाजूला पत्र्याची एक खोली होती, जुन्या मोटारी ठेवायची. तिथं मधोमध टेबल मांडलं. टेबलाशी अरुणा, ती प्रोसेसर. तिच्यापुढं सूचनांचे कागद. एक सूचना वाचायची, तेवढीच करायची, बोट पुढच्या ओळीवर न्यायचं. खोलीच्या दुसऱ्या टोकाला खणांचं कपाट. तिथं दत्ता, तो डिस्क. अरुणानं दिलेली चिठ्ठी घेऊन कपाटापर्यंत जायचं, नेमक्या खणात ठेवायची, परत येऊन सायकलची घंटी वाजवायची. झालं काम. आणि मी घड्याळ. डब्याचं झाकण घ्यायचं आणि मनाला येईल तेव्हा चमच्यानं वाजवायचं. खरं घड्याळ ठरावीक वेळानं वाजतं, पण सर म्हणाले, "तू नेम चुकवून वाजव. तिला सवय होऊ देऊ नकोस." जन्मात पहिल्यांदा मला कुणी वाजवायला सांगत होतं.

टेबलाच्या उजवीकडं एक रिकामी खुर्ची. तिच्या पाठीवर खडूनं लिहिलं होतं, 'प्रिंटर'. तिच्यावर कुणी बसायचं नाही, दत्तानं काम झाल्याची चिठ्ठी तेवढी ठेवायची.

"झाकण असो की घंटी, दोन्हींना घंटाच म्हणू. घंटा वाजली, की काय करायचं?" सरांनी अरुणाला विचारलं.

"हातातलं सोडून जायचं."

"सोडून? भाकरी थापत असताना दारात पोस्टमन आला, तर भाकरी खाली टाकून जातेस?"

ती विचार करून म्हणाली, "परातीत ठेवते."

"बरोबर. आधी हातातलं नीट ठेवायचं, कुठं होतो त्याची खूण करायची. मग दाराशी जायचं. पत्र घ्यायचं. तिथंच उभं राहून वाचत बसायचं नाही. आत येऊन ते फळीवर ठेवायचं आणि पुन्हा भाकरी. भाकरीला कळता कामा नये, की मधे कुणी आलं होतं."

पण सगळ्या वेळा सारख्या नसतात. ओळींची एक यादी होती, कुठली ओळ कुठल्या ओळीनंतर छापायची याची. त्या यादीत नवी ओळ जोडताना दोन ठिकाणी खाडाखोड करावी लागायची. एक खोडून झालं, दुसरं व्हायचं आहे, एवढ्यात घंटा झाली आणि घंटेच्या कामानंही त्याच यादीला हात घातला, तर यादीचा पार गुंता. म्हणून एक पाटी आणली. पाटीच्या एका बाजूला 'उघडं', दुसऱ्या बाजूला 'बंद'. यादीला हात लावायच्या आधी अरुणा पाटी 'बंद' करायची. मग मी आणि दत्तानं हात उगारून तसंच थांबायचं, पाटी फिरेपर्यंत. आणि पाटी फार वेळ बंद ठेवायची नाही, नाहीतर माझे ठोके एकावर एक साचून वाया जायचे, तिकडं संगणकाचं घड्याळ मागं पडायचं.

हात उगारून थांबणं! अजून खांद्याला आठवतं ते. समोर चमचा, खाली झाकण, आणि ती पाटी फिरतच नाही. पत्रा तापलेला, गळ्यावरून घामाचा ओघळ चाललेला, बाहेर गिरणीचा भोंगा वाजून गेलेला. "अरुणा, फिरव की!" मी ओरडलो. तिनं वर न बघता एक ओळ पुरी केली, पाटी फिरवली आणि म्हणाली, "वाजव आता, घड्याळ."

त्या दिवसापासून आम्ही एकमेकांना हाका मारायला लागलो. नावानं हाक मारणं अवघड होतं. मुलीला काय म्हणायचं, तू की तुम्ही, हे कुणी शिकवलेलं नव्हतं. पण "डिस्क, तुझी चिठ्ठी" आणि "प्रोसेसर, घंटी ऐकू आली न्हाई का?" असं म्हणायला काही वाटायचं नाही. तिचा आवाज मोठा आहे, हे तेव्हा कळलं. मागांच्या खडखडाटात वाढलेल्या सगळ्यांचाच असतो.

अभ्यास होत नव्हता. मी पुस्तक उघडलं, की डोळ्यांपुढं पाटी फिरायची. दत्ताला वसतिगृहात जेवताना मधेच काहीतरी सुचायचं, तो उष्ट्या हातानं सायकलवर आमच्या दुकानात यायचा. "शिवा, घंटा वाजताना दुसरी घंटा वाजली तर?" अप्पा त्याच्याकडं बघत राहायचे. लग्नसराई होती, गिऱ्हाइकं गादीवर बसलेली, आणि हा मधेच उभा राहून विचारतोय, घंटेत घंटा वाजली तर. परीक्षा जवळ येत होती आणि आम्हाला परीक्षेची भीती वाटेनाशी झाली होती. खरी भीती त्या कागदांची होती. त्यांत कुठंतरी काहीतरी चुकलंय, आणि ते आपल्याला दिसत नाहीये.

एक चूक शिपाईमामांनी दाखवून दिली. परीक्षेसाठी खुर्च्या गोळा करायचं काम चाललं होतं. मामा आमच्या खोलीत आले, रिकामी खुर्ची दिसली, उचलून घेऊन गेले. अरुणाचं डोकं कागदात होतं. दत्ता कपाटापासून परत आला, घंटी वाजवली, आणि प्रिंटरच्या नावाची चिठ्ठी सवयीनं उजवीकडं ठेवली. चिठ्ठी जमिनीवर पडली.

मी खो खो हसलो. दत्ता मामांच्या मागं पळाला. "मामा, ती खुर्ची न्हाय! प्रिंटर हाय त्यो!"

अरुणा हसली नाही. खाली पडलेल्या चिठ्ठीकडं बघत म्हणाली, "सर, प्रोग्रामचं काम संपलं आणि त्यानं प्रिंटर बंद केला, पण डिस्क अजून कपाटाकडंच आहे, तर? घंटी नंतर येणार की. ती कुणाची समजायची?"

सर येरझाऱ्या घालायचे थांबले. त्यांना थांबलेलं मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं.

"आणि तोवर त्या जागी दुसऱ्या कुणाला बसवलं असेल," ते हळू म्हणाले, "तर याची चिठ्ठी त्याच्या अंगावर. हौ, बरोबर." उत्साहात आले, की त्यांची दख्खनी बाहेर पडायची.

मग आम्ही सगळे कागद पुन्हा लिहिले. आधी नवी चिठ्ठी घेणं बंद करायचं. मग बाहेर गेलेला प्रत्येक जण परत आलाय का बघायचं. तो परत येईपर्यंत वाट बघायची. खुर्ची त्यानंतर काढायची. लिहायला सोपं, पण ही वाट घंटेच्या कामाच्या आत बसून बघायची नाही, नाहीतर ज्याची वाट बघतोय त्याची घंटीच आपल्याला ऐकू येणार नाही. त्यात आमचा एक आठवडा गेला, आणि दत्ताचं आणि माझं दोनदा भांडण झालं.

पुण्याला जायचा दिवस ठरला, आणि नरसय्या नाही म्हणाले.

सर त्यांच्या घरी गेले, मीही सोबत होतो. चारही माग चालू होते. नरसय्या मागावरून उठले नाहीत. धागा तुटला, की माग थांबवून गाठ मारायचे, पुन्हा चालू करायचे, आणि त्या गाठीपुरतं सरांचं बोलणं ऐकायचे.

"परीक्षेला बसू द्या म्हणला, बसवतो," ते म्हणाले. "भावकी नको म्हणत होती तरी शिकवली. पर पुण्याला न्हाई सर."

"मी आहे बरोबर. माझ्या बहिणीकडं राहील."

"न्हाई."

अरुणा आतल्या उंबऱ्याशी बसून सूत गुंडाळून कांड्या भरत होती. तिचा हात चालूच होता. निघताना तिनं कागदांचा गठ्ठा माझ्या हातात दिला. सगळ्या कडा एकसारख्या जुळवलेल्या, वर टॉवेलाच्या काठाची दोरी बांधलेली.

पुण्यातली ती खोली थंड होती. एवढ्या उन्हाळ्यात आम्ही कुडकुडलो. फोटोतली कपाटं समोर खरी उभी होती आणि घरघरत होती. आमच्या सूचना भोकं पाडून कार्डांवर पंच झाल्या, मशीनमध्ये गेल्या. सरांनी एक प्रोग्राम सोडला. प्रिंटर खडखडला आणि ओळी बाहेर आल्या. दत्तानं माझ्या पाठीत गुद्दा घातला.

मग सरांनी दोन प्रोग्राम एकदम सोडले. थोड्या ओळी आल्या आणि सगळं थांबलं. पुढच्या पॅनेलवरचे दिवे जागच्या जागी गोठले. पुन्हा सुरू केलं, पुन्हा थांबलं. तिसऱ्यांदाही तसंच. दाराशी पुढच्या पाळीचे लोक येऊन बसायला लागले होते. सरांच्या कपाळावर त्या थंडीत घाम होता. मी कागद उलटेपालटे करत होतो. सगळं बरोबर होतं. पत्र्याच्या खोलीत हे शेकडो वेळा चाललं होतं, एकदाही अडलं नव्हतं.

दत्ता म्हणाला, "तितं चालत हुतं, कारण तितं अरुणा हुती. हितं मशीन हाय."

सरांनी त्याच्याकडं बघितलं. मग मला म्हणाले, "शिवानंद, तुमच्या दुकानात फोन आहे ना?"

लाइटनिंग कॉल लावला, ट्रंक कॉलमधला सगळ्यांत तातडीचा. अप्पांना एवढंच सांगितलं, साखर पेठेतून नरसय्यांच्या अरुणाला बोलावून आणा, आम्ही पुन्हा फोन करतो. गिऱ्हाइकांना चहा सांगून ते स्वतः गेले. दुसरा कॉल लागला तेव्हा पलीकडून धापा ऐकू आल्या. मग तो मोठा आवाज. मागं कुणीतरी नऊवारीचा काठ उलगडून दाखवायला सांगत होतं.

"कुठं थांबतंय?"

"दोन सोडले की."

"एक सोडला तर?"

"बरोबर चालतो."

मग ती म्हणाली, "ओळ जोडायचा कागद वाच."

मी वाचायला लागलो. पाटी बंद कर. शेवटची ओळ शोध. नवी तिच्यामागं लाव. ती प्रत्येकाला "हं" म्हणत होती. मला तिचं बोट दिसत होतं, ओळीवरून खाली सरकणारं.

"पाटी उघडी कर," मी शेवटचं वाचलं.

"पुन्हा वाच."

"पाटी उघडी कर."

"असं लिहिलंय?"

"हो."

"पर मी कुठं उघडायची रे?" तिचा आवाज चढला. "साध्या कामातनं आले, तर उघडायची. घंटेच्या कामातनं हा कागद आला, तर पाटी आधीचीच बंद असायची की. दुसऱ्यानं बंद केलेली मी कशाला उघडू? होती तशी ठेवायची मी."

ऑपरेटर मधे आली. वेळ संपली, वाढवायची का? "वाढवा, वाढवा!" मी ओरडलो.

"म्हणजे काय करायचं?" मी अरुणाला विचारलं.

"हात घालायच्या आधी पाटी कशी आहे ते लिहून ठेवायचं. काम झालं, की तशीच करायची. उघडी होती तर उघडी. बंद होती तर बंद. मशीन काय, लिहिलंय तेच करणार. घंटेचं काम अर्धं असताना दार उघडलं, की दुसरी घंटा आत घुसली आणि..."

फोन तुटला.

आम्ही दोन महिने कागद तपासत होतो, आणि कागदावर जे नव्हतं ते ती न सांगता करत होती. तिला त्यात काही विशेष वाटत नव्हतं, म्हणून ती कधी बोलली नाही. आणि सगळं सुरळीत चाललं होतं, म्हणून आम्ही कधी विचारलं नाही.

पुढचं पळतच झालं. कार्डं पुन्हा पंच केली. दत्ता ती छातीशी धरून धावला. दाराशी बसलेल्या लोकांना सरांनी हात जोडले. दोन प्रोग्राम एकदम सोडले. दिवे लुकलुकत राहिले. प्रिंटर खडखडला आणि आधी एकाच्या सगळ्या ओळी, मग दुसऱ्याच्या, कागद घडी पडत पडत खाली येत राहिला. संस्थेतले गृहस्थ येऊन बघून गेले. म्हणाले, "ठीक आहे. ठेवून जा, आम्ही वापरू." सरांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, पुन्हा काढला.

सोलापूरला परत फोन लावायचा खूप प्रयत्न केला. लाइन मिळाली नाही. दुसऱ्या दिवशी एस.टी.त टेंभुर्णी येईपर्यंत आमच्या तिघांच्या डोक्यात एकच होतं, तिला अजून कळलेलं नाही. दत्ता तर दर थांब्यावर उतरून उभा राहायचा, त्यानं गाडी लवकर सुटणार असल्यासारखा.

नंतर अप्पांनी त्या दुपारचं सांगितलं. अरुणा गादीवर डोळे मिटून बसली होती, धोतरजोडीच्या काठावरून तिचं बोट सरकत होतं. नरसय्या तिच्यामागून आले होते. अप्पांनी बसा म्हटलं तरी बसले नाहीत, पायरीवर उन्हात उभे राहिले. फोन तुटल्यावर तिनं तो बराच वेळ कानाशीच धरला होता. गर्दीतल्या कुणीतरी विचारलं, कुणाचं काय झालं? नरसय्या म्हणाले, "काई न्हाई. तिच्या कामाचं हाय."

आता मागं वळून बघताना वाटतं, आम्ही तिघं त्या उन्हाळ्यानंतर तीन दिशांना पांगलो, पण तेवढं जागं पुन्हा कधी नव्हतो. मी वीज मंडळात नोकरी केली आणि पुन्हा एकही प्रोग्राम लिहिला नाही. दत्तानं वेळापुरात जळालेल्या मोटारींत नवी तार भरायचं दुकान काढलं. गेल्या वर्षी तो गेला. अरुणाचं लग्न भिवंडीला झालं. पुढं बँकांत संगणक आले, तेव्हा तिनं परीक्षा दिली, आणि निवृत्त होईपर्यंत ती त्याच कामात राहिली. कधीतरी फोन करते. तब्येतीचं विचारते. काझी सरांचं मात्र आई गेल्यानंतर काही कळलं नाही. ते कुठल्या शहरात गेले, कुणाला पत्ता दिला की नाही, मी पुष्कळांना विचारलं. अजूनही कुठं वाक्य अर्धं सोडून दारातून बाहेर पडणारा माणूस दिसला, की मी जरा वेळ थांबतो.

पण त्या उन्हाळ्याचा विचार आला, की माझं मन या पुढच्या गोष्टींपाशी टिकत नाही. ते एस.टी.तून उतरून साखर पेठेतच जातं.

आम्ही स्टँडवरून थेट तिच्या घरी गेलो होतो. तोंडं धुळीनं माखलेली, सरांच्या काखेत प्रिंटरच्या कागदाचा गठ्ठा. सगळी पेठ मागांच्या आवाजानं थरथरत होती. अरुणा उठून उभी राहिली. कांडी हातातच होती. दत्ता हात हलवून ओरडत होता, "चाललं! चाललं!" पण त्या खडखडाटात त्याचे नुसते ओठ हलताना दिसत होते.

सरांनी गठ्ठा तिच्यापुढं धरला. तिनं हात लुगड्याला पुसले. खाली बसून पहिला कागद उलगडला आणि बोट ओळीवर ठेवलं. आम्हाला वाटलं, ती वरवर बघेल आणि हसेल. ती एकेक ओळ वाचत होती. आम्ही तिघं उभे. नरसय्या मागावरून बघत होते. घडीमागून घडी उलगडत ती पहिल्या प्रोग्रामच्या शेवटाला आली, दुसऱ्याच्या सुरुवातीला गेली. बोट थांबलं. परत वर गेलं. पुन्हा खाली आलं.

तिनं मान वर करून काहीतरी म्हटलं. ऐकू आलं नाही. सर वाकले. ती त्यांच्या कानाशी ओरडली, तेव्हा मलाही ऐकू आलं.

"ही ओळ दोनदा आलीय!"

सरांनी चष्मा वर केला, कागद डोळ्यांशी नेला. खरंच दोनदा होती. संस्थेनं ठेवून घेतलं होतं, सगळ्यांनी ठीक म्हटलं होतं, आणि एक ओळ दोनदा छापली होती. मला रडू यायच्या बेतात होतं. सर मात्र वहाणा काढून तिथंच फरशीवर बसले. दत्तानं पिशवीतून कागद काढले. अरुणानं कांड्यांची टोपली बाजूला सरकवली. कोण काय बोलतंय ते कुणालाच कळत नव्हतं. सगळे ओरडत होतो, एकमेकांच्या ओठांकडं बघत होतो, आणि तिचं बोट त्या ओळीवर घट्ट रोवलेलं होतं.

नरसय्या उठले. त्यांनी पहिला माग बंद केला. मग दुसरा, तिसरा, चौथा. घरातला आवाज थांबला, तशी शेजारच्या घरांतली खडखड एकदम दूर गेल्यासारखी वाटली. त्यांनी पुढचं दार ओढून घेतलं, तशी तीही दबली. मी त्यांच्याकडं बघितलं. ते आमच्याकडं बघत नव्हते. मागाच्या लाकडावर हात ठेवून उभे होते.

बाहेरून कुणीतरी बाई दार वाजवून विचारत होती, "काय झालं हो मामा? लाइट गेली का तुमची?"

"लाइट हाय," नरसय्या म्हणाले. "हितं काम चाललंय."